भोंग्यातली हाळी

समस्त चिमण्या, राघू, साळुंक्या, तसेच लांबच्या मुलखातून हिवाळ्यापुरत्या मुक्कामाला आलेल्या भोरड्या यांना या दवंडीद्वारे कळवण्यात येतं की, आमच्या शिवारातली रब्बीची ज्वारी हुरड्यात आलेली आहे. दाणा दुधाळ आहे, गोड आहे आणि चोचीत मावेल एवढाच आहे. राखणीसाठी शिवारभर भोंगे बसवलेले असून माणूस एकही ठेवलेला नाही. तरी सर्वांनी सहकुटुंब यावं. बसायला भोंग्याचीच जागा उत्तम, तिथून नजर लांबवर जाते. हुकमावरून.

ही दवंडी मी गेल्या रविवारी खरोखर दिली. बांधावर उभा राहून, तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवत. बायको म्हणाली, "पुरे करा आता, लोक बघतील." पण बघायला लोक नव्हते, तेच तर मला जाहीर करायचं होतं. समोर डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, बांधापलीकडे सोपानकाकांचं रान, त्याच्यापलीकडे आणखी कुणाकुणाची रानं, डोंगराच्या कडेला पवनचक्क्या. या सगळ्यात हलत होती ती फक्त पाती आणि पाखरं. माझी दवंडी एका साळुंकीनं मान तिरकी करून पूर्ण ऐकून घेतली आणि ती खायला लागली.

पौष लागला की मला धाराशिवात करमत नाही. कचेरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या नाकाला शेणकुटाचा धूर लागतो. मग रविवारी सकाळी गाडी काढायची, येडशीच्या झाडीत अडकून बसलेलं धुकं कापत जायचं, येरमाळा, तेरखेडा मागं टाकायचं आणि भूमच्या अलीकडं डांबरी सोडून मातीच्या रस्त्याला लागायचं. माती लागली की काच खाली. दहिवरानं भिजलेल्या ताटांचा हिरवट गोड वास आत येतो. बाहेर पवनचक्कीचं एक पातं धुक्यातून खाली उतरतं, क्षणभर दिसतं आणि पुन्हा वर नाहीसं होतं. त्यामागोमाग दुसरं. वरून कुणीतरी हात घालून शिवार चाचपडत असावं तसं. इतकी वर्षं बघतोय, तरी त्या पात्याखालून जाताना मी गाडी थोडी जोरात हाणतो.

मी लहान होतो तेव्हा या वासात माणसांचे आवाज कालवलेले असायचे. प्रत्येक रानात चार बल्ल्या रोवून उभं केलेलं मचाण, आणि प्रत्येक मचाणावर कुणीतरी. दिवस उगवायच्या सुमाराला पाखरं उतरायची आणि शिवार एकदम कंठ फोडायचं. कुणी पत्रा बडवायचं, कुणी तोंडात बोटं घालून शिट्टी मारायचं. एक म्हातारी नुसती "हो हो हो हो" करत राहायची आणि मधेच तिला माहेर आठवलं की त्याच सुरात रडून घ्यायची. पाखरांना काय, दोन्हीनं उडायचंच. गोफण सुटली की हवा फाटल्यासारखा फटकारा बसायचा आणि शेकडो चिमण्या एकाच अंगाच्या असल्यासारख्या कणसांवरून उठायच्या. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चहाला दूध नाही, कोण बायकोशी भांडून आलंय, हे सगळं हाळीच्या आवाजावरून कळायचं. वेगळं विचारायला जावं लागायचं नाही.

या सगळ्या मंडळींचे महाराज म्हणजे आमचे नाना, माझे धाकटे चुलते. माणूस अंगानं ज्वारीच्या ताटासारखा, पण आवाज असा की मचाणाच्या बल्ल्या थरथराव्यात. ते पाखरांना हाकलायचे नाहीत, त्यांची हजेरी घ्यायचे. "या बाईसाहेब, या. कालबी तुमीच हुता. लेकरं घरी ठेवून आला का संगं आणली?" असा मुलाहिजा झाला की मग गोफण. मी मचाणाखाली बसून हसत असायचो आणि नाना वरून खाली वाकून दाद घेत असायचे.

बांधापलीकडचे सोपानकाका आणि नाना एकमेकांशी बोलत नव्हते. कारण बांधावरची बोर. झाडाचं खोड सोपानकाकांच्या हद्दीत, फांद्या नानांच्या, आणि पिकलेली बोरं पडायची ती नेमकी मधोमध. समोरासमोर आले की दोघंही दुसरीकडं बघायचे. पण मचाणावर चढलं की पाखरांशी बोलायला कुणाची बंदी होती?

"दुसऱ्याच्या बोरावर डोळा ठेवनाऱ्या भामट्या, ऊठ की रं हितनं," नाना एका निष्पाप राघूला म्हणायचे.

पलीकडच्या मचाणावरून उत्तर यायचं, तेही एखाद्या चिमणीला. "जल्मभर खाऊनबी ज्याचं पोट भरत न्हाय, त्या काळतोंड्यानं शिकवूने. उड."

दिवसभर हे चालायचं. दोन्हीकडच्या शिव्या पाखरं खायची आणि वर ज्वारीही खायची.

एकच गोष्ट या भांडणाच्या बाहेर होती. भोरड्या. त्या एकट्यादुकट्या येत नाहीत. आधी डोंगराच्या अंगाला आभाळात एक डाग दिसतो. डाग सरकतो, फुगतो, मधेच चिंबतो. थवा वळला की काळा दिसतो, पुन्हा वळला की पोटाकडचा गुलाबी. लांबून बघणाऱ्याला ते फार सुंदर वाटतं. ज्याच्या रानावर तो उतरतो त्याला तसं वाटत नाही. घटकाभरात कणसावर दाणा राहत नाही, आणि त्या घटकाभरात हजारो चोचींचा जो कुरकुर आवाज येतो तो पाऊस दुरून चालत यावा तसा असतो. म्हणून आमच्या शिवारात एक रिवाज होता. थवा ज्याला आधी दिसेल त्यानं शेजाऱ्याला नावानं हाळी द्यायची. भांडण असो, नसो. आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं "आलो" म्हणायचंच. तो म्हणेपर्यंत हाळी देणारा थांबत नसे. डोंगराची बाजू नानांची, त्यामुळे थवा आधी त्यांनाच दिसायचा. मग बोरीवरचं सगळं भांडण गिळून नाना मचाणावर उभे राहायचे.

"सोपाऽऽना, आली रंऽऽ, धाऽऽव!"

"आलोऽऽ."

कित्येक वर्षांत त्या दोघांत झालेलं सरळ बोलणं एवढंच. मला तर वाटतं, नानांना भोरड्या यायची थोडी वाटच असायची.

पुढं नानांचे गुडघे गेले. मचाणावर चढताना त्यांना खालून ढकलावं लागायचं. रोजानं राखायला माणूस मिळेना. पोरं पुण्याला, बाया कारखान्याच्या फडावर. आणि पाखरांना यातलं काही सांगून उपयोग नव्हता. नानांचा मुलगा दत्ता भूमला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोरगं हुशार, हातात पेचकस आणि डोक्यात सदा काहीतरी गरगरत असलेलं. त्यानं राखण आपल्या अंगावर घेतली. आधी चमचमत्या पट्ट्या बांधल्या. मग तेरखेड्याहून मोठ्या आवाजाचे फटाके आणले. पहिल्या दिवशी पाखरं उडाली आणि सोपानकाकांची म्हैसही खुंट्यासकट उडाली. दुसऱ्या दिवशी पाखरं बसून राहिली, म्हैस तेवढी पळाली. शेवटी भोंगा आला.

दिसायला साधाच. बांबूच्या टोकाला एक वाकडं तोंड, त्याच्यावर उन्हावर चालणारी चौकोनी पट्टी, आत आवाज साठवायची चकती. घेतानाच त्यात काही आवाज भरलेले होते. वाघाची डरकाळी, कुत्र्याचं भुंकणं, दवाखान्याच्या गाडीचा सायरन आणि "हट, हट, भाग यहाँ से" म्हणणारा कुणी एक माणूस.

काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या पाखरांना हिंदी कुठं येतंय?"

पलीकडून सोपानकाका एका कावळ्याला सांगत होते, "बघ बाबा, भूमच्या बाजारातनं वाघ आलाय म्हनं आता."

दत्तानं काकूंचा मुद्दा मनावर घेतला. पाखरं ज्या आवाजाला भितात तोच आवाज भरायचा. म्हणजे नानांचा. त्या रविवारी मी तिथं होतो, आणि असा तमाशा मी कनातीतही पाहिला नाही. दत्तानं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाला, "हं नाना, वरडा."

"कुनावर?"

"पाखरावर."

"कुठंय पाखरू?"

"हाय असं समजा."

"समजून कसं वरडू रं? उगं हसतील की लोकं."

घसा खाकरून, फेटा नीट करून, दोनदा "हा" म्हणून नाना गप्प बसले. आयुष्यभर ज्याची वाचा कुणी बंद करू शकलं नाही त्या माणसाला रिकाम्या आभाळापुढं शब्द फुटेना. आम्ही नाद सोडून चहाला बसणार, इतक्यात डोंगराकडून डाग दिसला. नाना गुडघे विसरून उभे राहिले, आणि दत्ताच्या मोबाइलमध्ये जे उतरलं ते अस्सल उतरलं. आधी "हाऽऽ हा हाऽऽ", मग बाईसाहेबांची हजेरी, मग ती हाळी, "सोपाऽऽना, आली रंऽऽ, धाऽऽव". आणि तिच्या मागोमाग, लांबून, बारीक, पण स्पष्ट, सोपानकाकांचं "आलोऽऽ".

भोंग्यानं पहिले काही दिवस कमाल केली. थोड्या थोड्या वेळानं नाना रानात गर्जायचे आणि पाखरं उठायची. खरे नाना वस्तीवर ओट्यावर बसून, चहाची बशी हातात धरून, ओढ्यापलीकडून येणारा स्वतःचा आवाज ऐकायचे.

"काय वरडतो गं म्या," ते काकूंना म्हणाले.

"लगीन झाल्यापासनं म्या तेच सांगतेय," काकू म्हणाल्या.

आठवडा गेला नसेल, मला एक साळुंकी दिसली. ती भोंग्याच्या तोंडावर बसली होती. आतून नाना ओरडले तशी ती भुर्रकन उडाली, गिरकी घेऊन परत आली. पुढच्या वेळी नुसती उसळली. त्याच्या पुढच्या वेळी तिनं फक्त पाय बदलला. तिच्या नखांखाली एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि ती पंखाखालचं पिसू शोधत होती. मी नानांना दाखवलं. ते मोठ्यानं हसले. मग तिच्याकडं बघत राहिले.

तरी भोंगे वाढतच गेले. शेजारच्यानं घेतला म्हणून याच्या शेजारच्यानं घेतला. मचाणं उतरली, बल्ल्या चुलीत गेल्या. त्या हंगामात दिवस मावळायच्या सुमाराला मी एकदा बांधावर एकटाच उभा होतो. एका रानात वाघ डरकाळत होता. दुसऱ्या रानातला कुत्रा ठरावीक वेळानं तेवढाच, तितकाच भुंकत होता. तिसरीकडं दवाखान्याची गाडी कुठंही न पोचता सायरन वाजवत होती. मधेच नाना सोपानाला बोलवत होते आणि त्याच तोंडातून सोपानही उत्तर देत होता. जत्रेएवढा गलका. आणि त्या सगळ्या ओस टापूत श्वास घेणारा माणूस मी एकटा. मी माझ्याच समाधानासाठी एकदा मोठ्यानं खोकलो.

"काका," मी नंतर सोपानकाकांना विचारलं, "आता तुम्ही उत्तर देत नाही?"

"त्यो देतोय की, माझ्याबी वाटचं," ते म्हणाले.

काकूंना मात्र ते सारं पहिल्यापासून बरं वाटत नव्हतं. "एवढा आवाज हाय," त्या म्हणायच्या, "पर रानात कुनी न्हाय असं वाटतंय. आदी एवढं भ्या वाटत नव्हतं." आम्ही त्यांना विज्ञान समजावून सांगायचो. पाखरांनाही आम्ही मूर्खच समजत होतो. पाखरांनी आठवड्यात ओळखलं की या आवाजामागं कुणी नाही, त्याच्याकडं लक्ष द्यायचं कारण नाही. तोच धडा, त्याच आवाजाकडून, त्याच दिवसांत आमचे कानही गिरवत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग धुकं पडलं. आमच्याकडं ते सहसा दोन तासांत फाटतं. त्या वेळी ते उठायलाच तयार नव्हतं. सूर्य म्हणजे आभाळात कुणीतरी विसरून ठेवलेली ताटली. कणसांवर चिकटा धरला. पवनचक्क्या दिसत नव्हत्या, त्यांचा घरघर आवाज तेवढा वरून यायचा. ऊन नाही म्हटल्यावर भोंग्याचं पोट रिकामं झालं. तो "सोपाऽऽ" एवढंच म्हणायचा आणि गप्प व्हायचा. बऱ्याच वेळानं पुन्हा, "सोपाऽऽ". नाव अर्ध्यात तुटलेलं. ऐकणारा आपोआप पुढच्या अक्षराची वाट बघायचा आणि ते यायचं नाही. दोन दिवस वस्तीवर सगळ्यांनी ते तसं ऐकलं. शनिवारी संध्याकाळी दत्तानं भोंगा बांबूवरून उतरवला आणि नवी बॅटरी टाकायला भूमला दुकानात नेऊन ठेवला.

रविवारी मी आलो तो आमच्या कचेरीतल्या साहेबांना घेऊन. त्यांना हुरडा खायचा होता आणि निसर्ग बघायचा होता. वस्तीजवळ, ओढ्याच्या अलीकडं, दत्तानं आगटी पेटवली होती. खड्ड्यात शेणकुटं लाल झालेली, त्यात खुपसलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारली की हिरवे, गरम, गोड दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. साहेब डोळे मिटून म्हणाले, "हे खरं जगणं. आपण शहरात नुसती यंत्रं होऊन बसलोय." आणि डोळे उघडून त्यांनी मोबाइलला रेंज आहे का ते पाहिलं.

नाना ओट्यावर नव्हते. आम्हाला वाटलं, आत असतील. ते सकाळीच गोफण घेऊन रानात गेले होते, हे फक्त काकूंना ठाऊक होतं. "आज भोंगा न्हाय. आज माझी पाळी," असं म्हणून, काठी टेकत, खुशीत गेले होते.

धुक्यातून हाळी आली. "सोपाऽऽना, धाऽऽव रं."

"सुरू झालं आमचं म्हातारं," दत्ता निखारे फुंकत म्हणाला, आणि सगळे हसलो. साहेबांना भोंग्याचा तो प्रकार समजावून सांगितला तसे ते फारच खूश झाले. त्यांनी मोबाइल धुक्याकडं धरला. पुन्हा हाळी आली. या वेळी जरा ओढल्यासारखी, जड. साहेबांनी बोट ओठावर ठेवून आम्हाला गप्प बसवलं, आवाज नीट यावा म्हणून.

हाळीमागं "आलो" नव्हतं. भोंगा पूर्ण बोलायचा तेव्हा ते प्रत्येक वेळी असायचं, आज नव्हतं. कुणाला जाणवलं नाही.

तिसऱ्यांदा आलं ते नुसतं "सोपाऽऽ". अर्ध्यात तुटलेलं.

"बॅटरी गेली," दत्ता म्हणाला.

हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्यानंच आदल्या संध्याकाळी तो भोंगा आपल्या हातानं उतरवला होता, हातानंच दुकानाच्या टेबलावर ठेवला होता. त्याच्या हाताला ते माहीत होतं. कानाला माहीत नव्हतं. तिकडं बांधापलीकडं सोपानकाका त्यांच्या रानात पाणी देत होते. त्यांनीही तिन्ही हाका ऐकल्या, आणि तिसऱ्या हाकेला ते "बोंबल" असं म्हणाले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, मान वर न करता.

तेवढ्यात काकू ठेच्याची वाटी आणि भाकरीची टोपली घेऊन आल्या. आमच्यावर नजर फिरवून म्हणाल्या, "ह्ये अजून आलं न्हाईत व्हय? कवापासनं सोपानाला हाका मारायलेत."

"ते नव्हं आई, भोंगा हाय त्यो. बॅटरी संपलीय त्याची."

"कसला भोंगा? त्यो तर तू काल भूमला न्हेलास."

आगटीत एक दाणा तडकला. मग दत्ता आधी उठला का मी, हे मला आठवत नाही. ओढ्याचं पाणी, चिखल, अंगावर येणारी ओली पानं, आणि धुक्यात आम्ही सगळे एकदम ओरडत सुटलेलो. आमच्या ओरडण्यानं सोपानकाकांना कळलं. ते आमच्या आधी पोचले. बोरीच्या काट्यातून सरळ घुसले, सदरा फाटला. नाना ताटांत आडवे पडले होते. उजवा हात निपचित, गोफणीची दोरी अजून बोटाला गुंडाळलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते. भोवतीच्या कणसांवर चिमण्या निवांत खात होत्या. आम्ही आलो तेव्हाही त्या लगेच उडाल्या नाहीत.

सोपानकाकांनी नानांना पाठीवर घेतलं आणि गाडीपर्यंत आणलं. माझ्याच गाडीत बार्शीला नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी धावपळ केली. जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. "थोडं आधी आणता आलं असतं तर," एवढं म्हणून ते डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

साहेबांनी तोपर्यंत तो व्हिडिओ कचेरीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, गावाकडची रम्य सकाळ. लोकांनी बदाम पाठवले होते. नंतर त्यांनी तो पुसला, पण तोवर तो पुढं गेला होता, आणि अजूनही कुठं कुठं फिरत असेल. मी एकदाच ऐकला. धुकं, निखाऱ्यांचा चुरचुर आवाज, आमचं हसणं, आणि मागं, बारीक, तो माणूस.

त्या गोष्टीला आता काही हंगाम झाले. ज्वारी पुन्हा निसवते, पुन्हा हुरड्यात येते, तिला काय. भोंगा अजून त्याच बांबूवर आहे. दत्तानं आवाज बदलायचं ठरवलं होतं. वाघ लावतो म्हणाला. काकूंनी हात धरला. "त्येंचा आवाज तेवढाच उरलाय," त्या म्हणाल्या. त्यामुळं ओढ्यापलीकडं नाना दिवसभर गर्जत असतात आणि अलीकडं ओट्याच्या खोलीत खाटेवर नाना ऐकत असतात. वारा इकडचा असला की प्रत्येक शब्द येतो. तेव्हा त्यांचे ओठ हलतात. त्या आवाजाच्या अगदी बरोबरीनं, एखाद्या नटाला जुनं नाटक तोंडपाठ असावं तसे. आवाज मात्र रानातून येतो. मी समोर बसून हा खेळ बघतो. मला हसवायची त्यांची जुनी हौस अजून डोळ्यात आहे, आणि मी दाद देतो, पण तिथं फार वेळ बसवत नाही.

सोपानकाका भोंग्यानं हाक मारली की उठतात. प्रत्येक वेळी. जेवत असले तरी घास ठेवून बांधापर्यंत जातात, डोकावतात, परत येतात. मी म्हटलं, "काका, तो भोंगा आहे."

"मला काय कळत न्हाय व्हय? पर पाय ऐकत न्हाईत," ते म्हणाले.

आणि दत्तानं, ज्याला त्या दिवसापासून बापाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, त्यानं नानांसाठी एक सोय केली आहे. बिनतारी घंटा. तिचं बटण नानांच्या डाव्या हाताशी, खाटेच्या काठाला चिकटवलेलं. दाबलं की स्वयंपाकघरात वाजते. तिला दुसरा सूर नव्हता म्हणून ती चिमण्यांसारखी चिवचिवते. आयुष्यभर पाखरं हाकललेला माणूस आता पाखराच्या आवाजात माणसं बोलावतो. मी हे सांगितलं की ऐकणारे हसतात. मीही त्यासाठीच सांगतो.

पहिल्या दिवसांत ती वाजली की घर धावायचं. काकू पिठाच्या हातानं, दत्ता जेवणाच्या ताटावरून. पाणी हवं असायचं, कूस बदलायची असायची, एकदा खरोखरच घास अडकला होता आणि तिच्यामुळं नाना वाचले. पण नानांचा डावा हात आता थरथरतो. झोपेतही थरथरतो. बटण हलकं आहे, पांघरुणाच्या वजनानंही दबतं. मग ती उगीचच चिवचिवते. जाऊन बघावं तर नाना शांत, डोळे मिटून. सारखं सारखं जाऊन बघावं तर तसंच. दत्ता म्हणतो, जरा घट्ट बटण मागवलंय, येईल.

गेल्या रविवारी दवंडी देऊन मी वस्तीवर आलो. बाहेर ऊन कोवळं होतं, धुकं फाटत होतं, लांब भोंगा सोपानाला बोलवत होता. स्वयंपाकघरात आम्ही सगळे बसलो होतो. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. दत्ता मोबाइलमध्ये डोकं घालून. मी माझी दवंडी पुन्हा म्हणून दाखवत होतो, हातवाऱ्यांसकट, आणि ती छान रंगली होती. तेवढ्यात भिंतीवरची घंटा चिवचिवली. थांबली. पुन्हा चिवचिवली. माझी बायको ताट बाजूला सारून उठायला लागली.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं न बघता म्हणाल्या, "बस गं तू. हात लागला आसंल."